आधी ताईला फोन कर

नगर, ६ डिसेंबर

प्रिय मित्रा,

येशूच्या नावात सलाम.

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. मोबाइलवर उत्तर लिहायला माझी बोटं राजी नाहीत, आणि विषयही दोन ओळी आणि जोडलेल्या हातांचं चित्र टाकून उरकण्यासारखा नाही. म्हणून कागद घेतला.

तू लिहितोस की बरेच महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं की तू ते तसंच शेजारच्याकडे सरकवतोस. दादाशी बोलणं बंद, घराच्या वाटणीचं भिजत घोंगडं, पोटात राग. अशा मनाने भाकर घेणं म्हणजे ढोंग, असं तुला वाटतं. शिवाय विचारतोस की रविवारी चर्चमध्ये भेटणारा येशू सोमवारी वकिलाच्या ऑफिसात असतो की नाही.

तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण 'अयोग्य रीतीने' भाकर खाण्याबद्दल प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात जे लिहिलं, ते आपण लहानपणापासून अर्धंच ऐकलं. तो अध्याय वरून वाच. तिथं काय चाललं होतं? सगळे एकत्र जमायचे, पण ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आधीच जेवून घ्यायचे, कुणी तर पिऊन तर्र व्हायचे, आणि गरीब येईपर्यंत भांडी रिकामी. प्रभूच्या मेजावर एक उपाशी आणि एक झिंगलेला, यावर पौलाचा संताप आहे. आणि उपाय काय सांगतो? मेजापासून लांब राहा, असं नाही. स्वतःची परीक्षा करा आणि मग खा, एकमेकांसाठी थांबा. तू परीक्षेपाशीच थांबलास, पुढचं वाक्य सोडून दिलंस. आपल्या मंडळीतले निम्मे लोक हेच करतात, आणि त्यालाच नम्रता म्हणतात.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली ती वेदीजवळची गोष्टही बघ. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. भावाच्या मनात तुझ्याविषयी! तुझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हे तिथं कुणी विचारलेलंच नाही. तू मेसेजभर स्वतःच्या रागाचा हिशेब दिलास. दादाला तुझं काय खुपतंय याबद्दल एक ओळ नाही. आणि हे बोलणं ऐकणारे लोक कुठले? गालीलचे. वेदी यरुशलेमला, मंदिरात. सव्वाशे किलोमीटर तरी अंतर, म्हणजे आपलं नगर ते पुणे, तेही पायी. इतकं चालत जायचं, वेदीपुढं पोचल्यावर आठवायचं, आणि दान तिथं टाकून पुन्हा गावाकडे चालायला लागायचं. ऐकणाऱ्यांना हसूच आलं असेल. तुला तर फक्त पुण्याहून एसटीत बसायचं आहे.

समेट म्हणजे हक्क सोडणं, असं मात्र मी म्हणत नाही. पाळकसाहेब कदाचित म्हणतील, 'प्रभूसाठी सोडून द्या.' मला ते पटत नाही. अशा वेळी सोडून देणारा बहुधा दुबळाच असतो आणि घेणारा आमेन म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून ओरडून सांगतो की गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. अगदी आपलाच माणूस. येशू त्याला काय म्हणतो? मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? वाटणीला तो हात लावत नाही, आणि लगेच लोभाविषयी बोलायला लागतो, मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. म्हणून घराची मोजणी भूमापकाला करू दे, कागद वकिलाला करू दे. तिथं बायबलची वचनं फेकून मारू नकोस. दादाकडेही तेवढीच वचनं पाठ आहेत.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते. तुझ्या मेसेजमध्ये 'अर्धं माझं, अर्धं दादाचं' हे शब्द पुन्हा पुन्हा आले. ताई कुठे गेली रे?

काका, म्हणजे तुझे वडील, मृत्युपत्र न करता गेले, काकू त्यांच्या आधीच गेल्या. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा इंडियन सक्सेशन ॲक्ट, म्हणजे वारसा कायदा, लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेदच नाही. तिघांना सारखं, प्रत्येकी एक तृतीयांश. तुला हे माहीत नसेल असं मी समजत नाही. 'ताई हक्कसोड देणार आहे, तिने कबूल केलंय' असं तू उन्हाळ्यात सहज म्हणाला होतास. कबूल केलं, की तिला विचारलंच कुणी नाही?

मी सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काढली. हक्कसोड पत्रावर सही करायला येणाऱ्या बहिणी किती पाहिल्या त्याला मोजदाद नाही. भाऊ रिक्षाने आणतात, चहा पाजतात, 'इथं अंगठा, इथं फोटो' म्हणतात. बहीण विचारते, 'झालं का?' त्या टेबलापुढे कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण आपला, काही ओळखू यायचं नाही. आपल्या मंडळीतले पंचही आले, बाहेर पडताना मला 'सलाम' म्हणाले. काही बहिणी खरोखर खुशीने देत, त्यांचं मला कौतुक आहे. पण माहेर तुटू नये म्हणून देणाऱ्या जास्त. संगमनेरहून काकांच्या आजारपणात दर आठवड्याला डबा घेऊन येणारी ताई यांतली कुठली, हे तू तिला विचार. दादाच्या देखत नको, वकिलाच्या देखत तर नकोच. आणि 'तुझा वाटा तुझाच आहे, तू काय ठरवशील ते' एवढं आधी म्हण, मग विचार. सोमवारी येशू असतो की नाही असं विचारतोस ना? त्या फोनवर कळेल तुला.

तुला वाटेल, म्हातारा कायदा आणि शास्त्र एकत्र कालवतोय. पण आपल्याच नगरच्या टिळकांचं घर आठव. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको, लक्ष्मीबाई, मागे राहिली, नातेवाइकांच्या घरी वर्षं काढली. ती परत नांदायला आली तेव्हाही तिचं सोवळंओवळं सुटलं नव्हतं, आणि त्यांनी ते चालू दिलं. तिने बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. पुढे १९३४ पासून तिच्या आठवणी, 'स्मृतिचित्रे', पुस्तकरूपाने येऊ लागल्या. त्यांत टिळकांचा राग आहे, हाती पैसा न टिकणं आहे, घरच्यांची होणारी तारांबळ आहे, काही झाकलेलं नाही. तरी त्या माणसाबद्दलचा आदर पानोपानी आहे. टिळकांची भजनं आपण अजून दर रविवारी म्हणतो, पण त्यांच्या विश्वासाविषयी मला लक्ष्मीबाईंची साक्ष जास्त मोलाची वाटते. तिने त्यांना घरात, भांडताना पाहिलंय. तुझ्याबद्दल ताईने काही लिहायचं ठरवलं तर काय लिहील, हा विचार मी तुझ्या जागी असतो तर केला असता.

बाकी तू विचारलेलं, ऑफिसात डब्याआधी डोळे मिटावेत की नाही, वगैरे. मीट किंवा नको मिटू. चहावाल्याची उधारी महिन्याच्या महिन्याला दे म्हणजे झालं.

दादाबद्दल एक. तो बोलेलच असं नाही. पौलानेही 'तुमच्याकडून होईल तितकं' अशी मोकळीक ठेवली आहे. तू जा, त्याला काय खुपतंय ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस (हे तुला जड जाईल), आणि ये. त्याने दार लावलं तर त्याचं ओझं तुझ्यावर नाही. पुढच्या प्रभुभोजनाला ताट सरकवू नकोस.

नाताळाच्या आठवड्यात येतोस ना? कॅरल पार्टी यंदाही तुमच्या गल्लीतून जाणार आहे आणि पेटी वाजवायला माणूस नाही. आपला नेहमीचा मुलाकडे नाशिकला गेला. तुझ्यावर टाकलंय. दादाच्या दारापुढेही वाजवावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्याने बोलावलं तर करंज्या खाऊ, नाही बोलावलं तर पुढच्या घरी आहेतच.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. येताना माझी गुडघ्याची ती पट्टी आण, इथं मापाची मिळत नाही.

तुझा,
जुना बाकमित्र