पेन्सिल सेलवर लेझर डायोड तपासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधला लेझर डायोड काढून दोन पेन्सिल सेलवर तपासायची कृती छापून आली आहे. ‘उजेड पडला की डायोड चांगला’ असंही त्यात म्हटलं आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कृती करून पाहणारी बहुतेक शाळकरी मुलं असणार, म्हणून हे सविस्तर पत्र.

लेझर डायोडला व्होल्ट नव्हे, मिलिअँपिअर मोजून द्यावे लागतात. लाल डायोडवर साधारण सव्वादोन ते तीन व्होल्ट पडतात, पण त्या टप्प्यात दाब (व्होल्टेज) किंचित वाढला तरी प्रवाह कितीतरी वाढतो. डायोड तापला की त्याचा दाब उतरतो आणि प्रवाह आणखी चढतो. ताज्या सेलला आवरायला मध्ये रेझिस्टरच नसेल, तर काही दहा मिलिअँपिअरवर चालणारा डायोड क्षणात जातो. गंमत अशी की तो विझत नाही! स्फटिकाच्या टोकाचा आरशासारखा पृष्ठभाग जळतो आणि लेझरचा साधा एलईडी होतो. तो प्रवाह घेतो, मंद लाल उजेडही देतो. कृतीतल्या कसोटीला तो ‘पास’.

आधी हातात काय आहे ते ओळखावं. सीडीचा डायोड ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीचा ६५० च्या आसपासचा लाल, ब्लू-रेचा ४०५ चा जांभळा. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हमधला डायोड काही मिलिवॅटचा, तर डिस्क लिहिणाऱ्यातला शंभराच्या पुढेही जातो, म्हणून ड्राइव्ह उघडण्यापूर्वी त्याच्यावरची अक्षरं टिपून घ्यावीत. झाकणावरचं ‘क्लास १’ हे लेबल बंद ड्राइव्हपुरतं असतं. बाहेर काढलेल्या डायोडला ते लागू नाही. काही सीडी ड्राइव्हमध्ये डायोडच्या नेहमीच्या गोल धातूच्या डबीऐवजी बऱ्याच पायांचा चौकोनी तुकडा निघतो. त्यात लेझर आणि प्रकाश टिपणारे डायोड एकत्र असतात. नवशिक्यांनी तो बाजूला ठेवावा.

काढताना मोठा शत्रू म्हणजे अंगावरची स्थिर वीज. पिकअपच्या, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेल्या भागाच्या, पट्टीवर बऱ्याचदा शॉर्ट करण्यासाठी दोन जवळजवळ ठिपके दिलेले असतात. रिबन ओढण्याआधी त्यावर सोल्डरचा थेंब टाकून ते जोडावेत. ठिपके नसतील तर डायोडच्या पायांभोवती बारीक उघडी तार गुंडाळावी. डायोड त्याच्या धातूच्या बैठकीतून उपटू नये, कारण तीच त्याची उष्णता ओढते.

पाय ओळखायला मल्टिमीटर डायोड रेंजवर लावावा आणि आधी डबीला जोडलेला सामाईक पाय शोधावा. उरलेल्या दोनपैकी एक ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवत असेल तर तो आतला फोटोडायोड, आणि दुसरा लेझर. दोन्हींपैकी एकही तसं दाखवत नसेल तर डबीत बहुधा दोन लेझर आहेत, एक सीडीचा आणि एक डीव्हीडीचा. लाल डायोडवर मीटरने काहीच दाखवलं नाही म्हणून तो फेकू नये. कित्येक मीटरांची चाचणी तेवढ्या व्होल्टपर्यंत पोचतच नाही. जवळजवळ शून्य दाखवलं, तर मात्र शॉर्टचा थेंब किंवा तार काढल्याची खात्री करून, पट्टी सोडवून पुन्हा मोजावं.

आता खरी तपासणी. एलएम ३१७ हे आयसी स्थिर प्रवाहाच्या जोडणीत वापरावं. आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये २२ ओहमचा रेझिस्टर आणि १०० ओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये टाकले की १.२५ भागिले एकूण ओहम, म्हणजे सुमारे १० ते ५७ मिलिअँपिअर मिळतात. लालसाठी ९ व्होल्ट पुरतात. जांभळ्यावर चार-पाच व्होल्ट पडतात, त्याला १२ घ्यावेत. लेझरच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टर कायम ठेवावा; त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. लेझरच्या जागी आधी १एन४००७ चे तीन डायोड सिरीजमध्ये लावून आकडे पाहावेत आणि पॉट सर्वात कमी प्रवाहावर आणावा. मग वीज बंद करून, आउटपुटवर कपॅसिटर लावला असेल तर तो शॉर्ट करून लेझर जोडावा. ही पायरी टाळल्यानेच बरेच चांगले डायोड जातात. लोड काढला की तो कपॅसिटर जवळपास पुरवठ्याच्या दाबापर्यंत भरतो आणि लेझर जोडताच सगळा त्यात रिकामा होतो.

समोर छोटा सोलर सेल ठेवून त्याचा प्रवाह मोजावा आणि लेझरचा प्रवाह २ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी वाढवावा. आधी आकडा रेंगाळत वाढतो, मग एका ठिकाणी एकदम उसळतो. तिथे कागदावरचा उजेड दाणेदार, चमचमता दिसू लागतो. लेन्स नसल्याने तो ठिपका नसून लांबट पट्टा असतो. उसळी मिळाली की थांबावं. लेझरचा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊनही आकडा सावकाशच चढत असेल, तर डायोड बहुधा एलईडी झालेला आहे. मात्र लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या डायोडची उसळी उशिरा येऊ शकते, हेही लक्षात ठेवावं.

डोळ्यांविषयी त्या लेखात एक ओळही नाही. ७८० चा किरण डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, म्हणून पापणी मिटतच नाही. ४०५ सुद्धा आहे त्यापेक्षा फार फिका भासतो. गॉगल त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला हवा, उन्हाचा चष्मा उपयोगाचा नाही. किरण खडबडीत मॅट पुठ्ठ्यावरच पाडावा, डिस्कवर किंवा स्टीलच्या पट्टीवर कधीही नाही. निदान एवढा मजकूर पुढच्या पुरवणीत, मूळ कृतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतले दोन वाचक