आई-बाबा, त्या माथेरानच्या घोड्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

तुम्ही माझ्या चिऊला माथेरानला घोड्यावर बसवलंत, त्यावरून परवा फोनवर मी जरा जास्तच चढले, सॉरी. आई, तू "बरं, ठेवते" म्हणालीस तेव्हाच कळलं की लागलंय तुला, आणि बाबा तर त्या दिवसापासून ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा टाकत नाहीयेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मला फोनवर नीट बोलताच येत नाही, एकतर आवाज चढतो नाहीतर रडू येतं, म्हणून लिहितेय. बाबा, मोबाईल आडवा धरा म्हणजे अक्षरं मोठी दिसतील, आणि आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आधी हे सांगते की चिऊ तुमच्याकडे बदलापूरला पंधरा दिवस राहते म्हणून आमचा मे महिना निघतो, पाळणाघर बंद, दोघांची ऑफिसं चालू, तुम्ही नसता तर काय केलं असतं देव जाणे. त्यामुळे "आमच्याकडे ठेवायची तर आमच्यावर विश्वास ठेव" हे आईचं म्हणणं शंभर टक्के मान्य. विश्वास आहेच. घोड्यावर नाहीये, एवढंच.

तर तो फोटो. छानच आलाय, लाल माती, मागे झाडी, आणि त्या एवढ्या मोठ्या तपकिरी घोड्यावर आमचं साडेतीन वर्षांचं पिल्लू, खाली बाबांचं 'आमची झाशीची राणी'. मावशीने बदाम टाकले, दादाने टाळ्या टाकल्या, मीपण आधी हसले. मग झूम केला. आईपणाचा हा एक रोगच आहे, फोटो झूम करायचा. चिऊचे पाय खोगिरावरून खाली आलेलेच नाहीत, दोन्हीकडे आडवे पसरलेत, पोळपाटावर बाहुली बसवावी तसे. पाय ठेवायची रिकीब तिच्या पायाच्या वीतभर खाली लोंबतेय, आणि ती पोचत नाही म्हणून घोडेवाल्याने काय केलंय तर तिचं पाऊल रिकिबीच्या वरच्या चामड्याच्या पट्ट्यात खुपसलंय. पायात क्रॉक्स. हेल्मेट आहे, पण डोक्यावर नाही, खोगिराच्या कडीला अडकवलंय. आणि घोडेवाल्याच्या एका हातात हिच्या घोड्याची दोरी, दुसऱ्या हातात मागच्या घोड्याची, तोंड तिसरीकडे.

तो पट्टा बघून माझ्या पोटात गोळा आला. नुसती पडली असती तर पडली असती, पण पाय त्या पट्ट्यात पिळून बसला आणि घोडा पळाला तर मूल खाली लटकतं आणि घोडा त्याला फरफटत नेतो, कारण बाजूला काहीतरी लोंबतंय म्हटल्यावर तो आणखीच घाबरून पळतो. म्हणून शिकवणारे लोक म्हणे टाचेचे बूट घालायला लावतात, पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ नये आणि पडताना सुटावं म्हणून.

हे सगळं मला कुठून माहीत? मागच्या शनिवारी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंबरोबर त्यांच्या मुलीच्या रायडिंग क्लासला गेले होते, मुद्दाम. तिथे शिकवणारे काका फौजेतल्या घोडदळातून रिटायर झालेले दफेदार आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, मिशा बघून आईला आवडले असते. मी त्यांना तुमचा फोटो दाखवला (बाबांचं नाव सांगितलं नाही, घाबरू नका). ते हसले नाहीत की रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "ताई, मांड मांडीनं बसते. हिला मांडी कुठाय अजून?"

बाबा, मला ते एकदम पटलं. आपण 'पक्की मांड' म्हणतो ती खरंच मांड्यांची असते, मोठं माणूस मांड्यांनी घोडा आवळून धरतं, तोल घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर सांभाळतं. साडेतीन वर्षांच्या पोराला मोठ्या घोड्याची पाठ म्हणजे दिवाणच की, त्याला आवळणार काय. त्यात लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, मान बारीक, त्यामुळे तोल गेला की डोकं आधी जातं. चिऊ सोफ्यावरून पडते तेव्हा बघा, डोक्यावरच पडते. त्या काकांकडे एवढ्या छोट्या पोरांना घोड्यावर घेतच नाहीत, एका लोखंडी ड्रमला खोगीर बांधून ठेवलंय, त्यावर बसवतात आणि पोरं तिथेच खूश.

मग त्यांनी मला एका घोडीजवळ उभं केलं. तिची पाठ माझ्या नाकासमोर आली! फोटोत घोडा असा वाटतच नाही. घोडा हातात मोजतात, आपला कोपरापर्यंतचा हात नव्हे हं, इंग्रजांचा हात, ४ इंचाचा. १४.२ हातांपर्यंत तट्टू, त्याच्या वर घोडा, आणि ते १४.२ म्हणजे दशांश नव्हे बाबा, १४ हात आणि वर २ इंच. तुमचा माथेरानचा घोडा १५ हातांचा धरला तरी खांद्याशी ५ फूट झाला, वर चिऊ बसली की तिचं डोकं जवळजवळ ७ फुटांवर, म्हणजे आपल्या दाराच्या चौकटीवर.

आता तुमचाच विषय. बत्तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलंत ना, वरून पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचं ते व्ही स्क्वेअर बरोबर टू जी एच? मी काल रात्री किराणा बिलाच्या मागे मांडलं. उंची २.१ मीटर, तर खाली पोचायला साधारण ०.६५ सेकंद आणि आदळतानाचा वेग ताशी २३ किलोमीटर. पाऊण सेकंदसुद्धा नाही. आई म्हणते "मी बाजूनेच चालत होते की". आई, तू बाजूने चालत होतीस, पण तुझा गुडघा दुखतो, तुझ्या एका हातात पर्स आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली होती, फोटोत दिसतेय. ०.६५ सेकंदात तू बाटलीसुद्धा टाकू शकणार नाहीस.

"पण घोडा एकदम गरीब होता," हे तुम्ही दोघांनी तीनतीनदा सांगितलंत. असेल ना. मला घोड्याबद्दल तक्रारच नाही. पण गरीब घोडासुद्धा बुजतो, कारण तो दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी आहे, काही खुट्ट झालं की आधी पळायचं आणि मग बघायचं काय होतं ते, ह्यावरच त्यांची जात जगलीये. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि बरोब्बर शेपटीमागचं दिसत नाही. आणि बाबा, दुसऱ्या फोटोत तुम्ही बरोब्बर शेपटीमागे उभे आहात, मोबाईल वर करून. आता माथेरानात बुजायला काय कमी आहे सांगा, अमन लॉज स्टेशनात छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी होते, माकडं पत्र्यावर धाडकन उड्या मारतात, कोणाची तरी वेफर्सची पिशवी ओढून नेतात, आणि पेव्हर ब्लॉकवर उतारावर नाल सटकतो तो वेगळाच. बुजलेला घोडा एका झटक्यात आडवा सरकतो. घोडा जागेवरून हलतो आणि मूल हवेत तिथेच राहतं, असं दफेदार काकांनी हाताने करून दाखवलं.

२०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कूपरेजच्या बागेत सहा वर्षांची मुलगी घोड्यावरून पडून गेली, आठवतं? पेपरात आलं होतं. तेव्हा आई तूच म्हणाली होतीस, "काय बाई आईबाप, एवढ्याशा लेकराला." सहा वर्षांची होती ती. चिऊ साडेतीनची आहे.

आता तुमचं हुकमी पान. "तूपण बसली होतीस की पाचगणीला, काय झालं?" तो शोकेसमधला फोटो, मी चार वर्षांची, टेबललँडवर, दोन बो बांधलेले, पांढऱ्या घोड्यावर. लहानपणापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलाय आपण तो. पण आई, त्या फोटोच्या नंतरचं आपण कोणालाच सांगत नाही. मला आठवतं. सगळं नाही, पण खोगीर हळूहळू एका बाजूला कलायला लागलं ते आठवतं, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ढिला होता त्याचा, आणि मला वाटलं जमीनच वाकडी होतेय. मी ओरडलेसुद्धा नाही. मग एकदम घोड्याचं पोट दिसलं. घोडेवाल्याने फ्रॉकला धरून उचललं मला, फ्रॉक मागून फाटला, आणि बाबा तुम्ही तेव्हा कॅमेऱ्यात रोल संपला म्हणून खाली बघत होतात. परत येताना आईने सगळं पठार मला कडेवर घेऊन पार केलं, कोणाशी न बोलता. तिच्या खांद्यावर माझं नाक होतं आणि तिच्या साडीला पॉन्ड्सचा वास येत होता, इतकं मला आठवतं. म्हणजे काहीच झालं नाही असं नाही, आपण वाचलो. आणि आई, माझा अंदाज असा आहे की तू परवा एवढी चिडलीस ते तुलाही तेच आठवलं म्हणून. नसेल तर सोडून दे.

बाबा, मावळ्यांची पोरं चालायच्या आधी घोड्यावर बसायची हे तुम्ही म्हणणारच आहात, म्हणून आधीच सांगते. ती भीमथडीची तट्टं होती, बुटकी, काटक, आणि ती पोरं त्यांच्या शेणामुतात वाढलेली. तुमचा घोडेवाला तर अभिमानाने सांगत होता ना "साहेब, रेसमध्ये पळालेला घोडा आहे"? अहो मग तो पळायलाच वाढवलाय!

आणि "पुढच्या वेळी मी मागे बसतो, तिला पुढ्यात घेतो" हा तोडगाही नको प्लीज. तुमचं सत्तर किलो वजन आणि चौदा किलोची चिऊ, घोडा उधळला तर तुम्ही तिच्यावर पडणार. ओढणीने खोगिराला बांधणं तर त्याहून वाईट, घोडाच पडला तर ती त्याच्याखाली. घोडा चारशे-पाचशे किलोचा असतो. दोरीचा वेढा तिच्या हाताला गुंडाळू नका, तुमच्याही हाताला गुंडाळू नका.

घोडेवाल्यावर माझा राग नाही हेही सांगते. तिथे गाड्यांना बंदी, सामान घोड्यावर, माणसं घोड्यावर, त्याचं पोटच त्यावर आहे आणि सीझन थोड्या दिवसांचा. तो "काय होत नाय ताई" म्हणणारच. नाही म्हणायचं काम आपलं. दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, बाजारापर्यंत जायला अमन लॉजहून शटल आहे, आता २०२२ पासून ई-रिक्षासुद्धा आल्यात, लाईन मोठी असते मान्य, पण चिऊला लाईनमध्ये उभं राहायला मजाच येते, तिला कुठलीही लाईन चालते. घोडा करायचाच तर बाबांच्या पाठीवरचा करा, तोही स्लिप डिस्क सांभाळून.

आणि तिला घोड्याची भीती घालू नका हं, "घोडा लाथ मारेल, बागुलबुवा" असलं काही नको. तिला घोडे आवडतात, रोज व्हिडिओ कॉलवर खिंकाळून दाखवते. मालकाला विचारून, समोरून नाही, खांद्याच्या बाजूने जवळ न्या, बोलत बोलत, म्हणजे त्याला कळतं कोण आलंय. तुमच्या कडेवर असू दे. मानेवर हात फिरवू दे, अयाळ किती राठ असते ते बघू दे. गाजर द्यायचं तर तळहात सपाट, अंगठा चिकटवलेला, बोटं वर आली की तो गाजर समजून बोटच धरतो. दफेदार काका म्हणाले, सहा-सातची झाली, पाय खोगिराच्या खाली आले, सांगितलेलं ऐकायला लागली की घेऊन या, बुटकं तट्टू देतो, तिच्या मापाचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा आवळलेला, एक माणूस दोरीला आणि एक बाजूला मांडीवर हात ठेवून, आणि घोड्याची फक्त साधी चाल, दुडकी धाव नाही. तेव्हा तुम्ही दोघं या बघायला. तोपर्यंत बाबांना झूम शिकवून ठेवते.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय, जावईबापू रविवारी. आई, साबुदाणे भिजवू नकोस, मी येऊन बघते. बाबा, तो फोटो ग्रुपवरून काढायची गरज नाही, असू दे, मावशीला वाईट वाटेल.

तुमची,
ताई

ता. क. चिऊ आत्ताच फोनवर म्हणाली, "घोड्याने मला हलवलं मग मी आजीला हाक मारली, पण आजी पाणी पीत होती." हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. आल्यावर बोलू.