पोंपादूरचे राज्य शयनगृहातले नव्हते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पोंपादूरवरचा लेख वाचला. मराठीत तिच्यावर पानभर मजकूर आला याचा आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. 'शयनगृहातून चाललेले राज्य' हे शीर्षकच चूक आहे. १७४५ ते १७६४ अशी एकोणीस वर्षे ती फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या दरबारात होती. त्यांतली पहिली पाचेक वर्षेच ती त्याची प्रेयसी होती. १७५० च्या सुमारास तो संबंध संपला, पोटमाळ्यावरच्या दालनांतून ती व्हर्सायच्या राजवाड्याच्या तळमजल्यावर आली आणि तिचे वजन उलट वाढले. १७५२ मध्ये डचेसचा मान, १७५६ मध्ये खुद्द राणीच्या सेवेतली मानकरीण! याला शयनगृहाचे राज्य कसे म्हणायचे?

लेखातल्या 'रखेल' या शब्दाने सगळा गोंधळ केला आहे. फ्रेंच दरबारात राजाची प्रेयसी ही उघड, मान्य जागा होती आणि तिथे पोचायची रीत ठरलेली होती. आधी नवऱ्यापासून कायदेशीर फारकत. मग राजाने मिळवून दिलेली जहागीर आणि मार्कीझचा (सरदारणीचा) किताब, कारण पैसेवाल्या पण बिनखानदानी घरातल्या बाईला तिथे उभे करत नसत. शिवाय ओळख करून द्यायला कोणी दरबारी स्त्री हवी. ते काम प्रिन्सेस द काँती हिने १४ सप्टेंबर १७४५ रोजी केले. राजापुढे, मग राणीपुढे लवून मुजरे करायचे आणि पाठ न दाखवता उलट पावली बाहेर पडायचे. झग्याचा मागे लोळणारा लांब घोळ पायानेच हळूच मागे सारावा लागे. तो पायात आला की भर दरबारात फजिती, म्हणून आधी कसून सराव.

सेव्रच्या चिनी मातीच्या भांड्यांना लेखात 'नट्टापट्टा' म्हणून एक ओळ दिली आहे, हे तर फारच झाले. ही भांडी घडवणारा व्हँसेनचा कारखाना १७५६ मध्ये तिच्या बेलव्ह्यू वाड्याजवळ सेव्रला आला. १७५९ मध्ये राजाने तो विकत घेतला. अस्सल चिनी मातीच्या भांड्यांना लागणारी केओलिन ही पांढरी माती फ्रान्समध्ये तोवर सापडलेली नव्हती. म्हणून काचेसारखा वितळवून दळलेला मसाला मातीत मिसळत. असा लगदा हाताला चिकटपणा देत नाही, घडवताना तुटतो आणि आच जरा जास्त झाली की भट्टीतच बसतो. त्यावरचा तो गुलाबी रंग सोन्यापासून केलेला. लेखात त्याला 'दु बारी गुलाबी' म्हटले आहे! दु बारी ही लुईची नंतरची प्रेयसी, ती दरबारात रीतसर आली १७६९ मध्ये. पोंपादूर १५ एप्रिल १७६४ रोजीच, बेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने गेली होती. १७९३ मध्ये गिलोटिनवर गेली तीही दु बारीच, पोंपादूर नव्हे.

सात वर्षांच्या युद्धाचे सगळे खापर तिच्या माथी फोडणेही अन्यायाचे. प्रशियाने जानेवारी १७५६ मध्ये इंग्लंडशी करार केला, त्यानंतर मे महिन्यात फ्रान्सने ऑस्ट्रियाशी तह केला. तिने त्या तहाची बाजू घेतली हे खरे. दोष द्यायचाच तर सुबीझ या सेनापतीची पाठराखण केल्याचा द्या. रोसबाखच्या लढाईत १७५७ मध्ये तो प्रशियाकडून सपाटून हरला.

आणखी एक. 'लुईस' आणि 'व्हर्सेल्स' हे किती वर्षे छापणार? या नावांतला शेवटचा एस फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि ती लेख आला त्याच पानावर यावी.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे