मनाई मोडली म्हणजे लगेच ‘कंटेम्प्ट’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. तेव्हापासून तालुक्याच्या कोर्टाबाहेर एक वाक्य जरा जास्तच कानावर येते : “मनाई मोडलीय ना, कोल्हापुरात कंटेम्प्ट टाकू!” म्हणजे कोर्टाचा मनाई हुकूम मोडला म्हणून उच्च न्यायालयात अवमानाचा अर्ज. बांधाच्या, वाटेच्या, भिंतीच्या भांडणात हा रस्ता बहुतेक वेळा चुकतो. वेळ आणि पैसा दोन्ही जातात आणि जेसीबी तोवर काम उरकून निघून गेलेला असतो.

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १० नुसार खालच्या न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, हे खरे. पण तात्पुरती मनाई मोडल्यास ती देणाऱ्या न्यायालयाच्याच हातात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम २-अ आहे. मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते, त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. आधी जप्ती, मग कैद असा क्रम लागत नाही, दोन्ही एकदम करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले आहे. जप्ती एक वर्षापर्यंत राहते. तरीही उल्लंघन चालूच असेल तर मालमत्ता विकून त्यातून भरपाई देता येते. १९७१ च्या कायद्यातला दंड फार तर २,००० रुपये आणि साधी कैद ६ महिन्यांपर्यंत. भरपाईची सोय तालुक्याच्याच कोर्टात आहे, तरी लोकांना ओढ वरच्या कोर्टाची. उच्च न्यायालयही सहसा पहिला प्रश्न हाच विचारते : २-अ चा अर्ज दिला होता का?

हे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा बजावणीवर, म्हणजे हुकूम प्रतिवादीला पोचवण्यावर. निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) दुसऱ्या बाजूला न ऐकता एकतर्फी तूर्तातूर्त मनाई मिळाली की वादी पेढे वाटतो आणि नक्कल घेऊन घरी जातो. त्याच आदेश ३९ च्या नियम ३ प्रमाणे दावा, अर्ज, शपथपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या असतात आणि तसे केल्याचे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे असते. ते राहून जाते. मग बेलिफाचा अहवाल येतो : “प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत, शेजाऱ्यांनी सही देण्यास नकार दिला.” प्रतिवादी म्हणतो, हुकूम मला माहीतच नव्हता. अवमानात ‘जाणूनबुजून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. माहिती होती हे दाखवता आले नाही, तर पुढचे सगळे पुरावे वाया.

दुसरा खड्डा हुकुमाच्या शब्दांतच असतो. ‘जैसे थे’ एवढेच लिहिलेला आदेश दोघेही आपापल्या बाजूने वाचतात. कोणत्या तारखेचे जैसे थे? बांध तेव्हा उभा होता की आधीच काढलेला? म्हणून अर्ज देतानाच गट नंबर, चतुःसीमा, हातनकाशा आणि शक्य असेल तर कोर्ट कमिशनरचा (जागा पाहायला कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीचा) अहवाल मागून ठेवावा. ‘वादीच्या वहिवाटीस अडथळा करू नये’ यापेक्षा ‘गटाच्या पूर्वेकडील आठ फुटी वाट नांगरू नये, तीत दगड टाकू नयेत’ असा हुकूम मोडला की दिसतो. दोन अर्थ निघतात अशा हुकुमावर कोणी तुरुंगात जात नाही, आणि ते योग्यच आहे.

उल्लंघन झाले की त्याच दिवशी काय करायचे? फोटो-व्हिडिओ मूळ मोबाइलमध्येच जपून ठेवायचा. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतांक) लिहावी लागते आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणून हात झटकतील, तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मग २-अ चा अर्ज : कोणता हुकूम, कोणत्या तारखेचा, प्रतिवादीला केव्हा कळला, त्याने कोणत्या दिवशी नेमके काय केले, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत. “प्रतिवादी वारंवार त्रास देतात” या वाक्यावर शिक्षा होत नाही. कारवाई शिक्षेची असल्याने पुरावा पक्का लागतो. अर्जदाराने साक्ष द्यावी, उलटतपासणीला तोंड द्यावे. आणि बांध परत घालून हवा असेल तर तशी मागणी वेगळी करावी. प्रतिवादी कैदेत गेला म्हणून बांध आपोआप जागेवर येत नाही.

प्रतिवादींचाही एक भ्रम आहे : मनाईविरुद्ध अपील केले, आता ती पाळायची गरज नाही. अपिलात स्थगिती मिळेपर्यंत हुकूम हुकूमच असतो. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयातून गेलेल्या तय्यबभाई बगसरवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्याही पुढे जाऊन सांगितले, की दावा चालवण्याचा अधिकारच त्या न्यायालयाला नव्हता असे मागाहून ठरले, तरी मधल्या काळातल्या उल्लंघनाची शिक्षा चुकत नाही.

दाव्याचा निकाल लागून कायम मनाईचा हुकूमनामा झाला असेल, तर त्यानंतरच्या उल्लंघनाला २-अ लागू नाही. तिथे आदेश २१, नियम ३२ ची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. कायम मनाईच्या दरखास्तीला मुदतीचे बंधन नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पैशाच्या वसुलीलाही दरखास्तच. पोटगी थकली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज, पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत.

मग उच्च न्यायालयात काय जाते? मुख्यतः न्यायालयाला दिलेली हमी मोडणे. म्हणून तडजोडपत्रात ‘आम्ही न्यायालयास हमी देतो’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. नुसत्या ‘उभयपक्षी ठरले’वर अवमान उभा राहणे कठीण. अवमान अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे अवमान घडल्यापासून एका वर्षात अर्ज दाखल झाला पाहिजे. शिक्षा झाली तर कलम १९ खाली अपील हक्काने. अवमान झालाच नाही असे ठरले तर अर्जदाराला त्या कलमाखाली अपील नाही. भर कोर्टात न्यायाधीशांचा अपमान केल्यास मात्र तालुक्याचे कोर्टही त्याच दिवशी, कोर्ट उठण्यापूर्वी दखल घेऊन १,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते.

शेवटी बरीच प्रकरणे माफीवर मिटतात. माफी सशर्त आहे एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही, पण ती मनापासूनची असावी लागते. पहिल्या तारखेला, बांध पूर्ववत करून त्याच्या फोटोसह दिलेली माफी आणि उलटतपासणीत पितळ उघडे पडल्यावर दिलेली माफी यांतला फरक न्यायाधीशांना चांगला कळतो. कागदावर ‘बिनशर्त माफी’ आणि शेतात दगड तिथेच, असे असेल तर अर्जदाराने म्हणणे देताना त्या दिवशीचा पंचनामा सोबत जोडावा.

आपले,
दिवाणी दाव्यांत काम करणारे काही वकील,
जि. सांगली