मणक्याला हात लावण्याआधी

मारेगाव, जि. यवतमाळ

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

कायरोप्रॅक्टिकच्या मुलांना तोल आणि शरीराची ठेवण तपासणं कुठून शिकवायला घेऊ, असं तू विचारलंस. तुझ्या आराखड्यात पहिले दोन दिवस मणक्याच्या ॲडजस्टमेंटचे, म्हणजे हातानं झटका देऊन मणका बसवण्याचे आहेत. ते शेवटी ने. या मुलांचे हात तयारच असतात, थांबणं मात्र शिकवावं लागतं.

पहिला दिवस नुसत्या विचारपुशीत घालव. ‘भोवळ येते’ एवढ्यावर पेशंटला टेबलावर घेऊ देऊ नकोस. भोवळ कशी वाटते हे खोदून विचारण्यात फार हाती लागत नाही. त्याच माणसाचं उत्तर अर्ध्या तासात बदलतं. किती वेळ टिकते आणि काय करताना येते, हे दोन प्रश्न पक्के करून घे. कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि गरगरून मिनिटाच्या आत थांबलं, तर बहुधा कानातल्या कणांचा घोटाळा, म्हणजे आतल्या कानातले तोलाचे बारीक कण जागा सोडून भलतीकडे गेलेले. उठल्यावर अंधारी येत असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की कारण सापडलं. मे महिन्यात बीपीच्या गोळ्या चालू आणि पाणी पोटात नाही, असे पेशंट तुला रांगेनं मिळतील.

भोवळ दिवसभर थांबतच नाही, ओकाऱ्या होतात, धरल्याशिवाय चालता येत नाही, तिथं पक्षाघात आधी मनात आणायचा. बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, गिळताना अडकणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर, मानेत अचानक उठलेला नवा ठणका, यातलं एकही दिसलं तर मानेला हात नाही. गाडी सरळ यवतमाळ नाहीतर सेवाग्राम. मानेतल्या व्हर्टिब्रल धमनीचा आतला पदर फाटला की सुरुवातीला मानदुखी आणि चक्कर एवढंच असू शकतं, आणि असा माणूस मान मोकळी करून घ्यायला नेमका तुमच्याचकडे येतो. हे त्यांना दोनदा सांग.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न वाढव: आज पंप पाठीवर होता का? घाम, लाळ, मळमळ आणि टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या तर ती विषबाधा. कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, आणि औषधाचा डबा सोबत देऊन दवाखान्यात. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात हे सांगावं लागू नये, पण शिकायला येणारी मुलं बाहेरची असतील.

दुसऱ्या दिवशी तपासणी. पायताण काढून, पाय जुळवून ३० सेकंद उभं करायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. तपासणाऱ्यानं हातभर अंतरावर उभं राहायचं. पेशंट पडला तर ती तुझी जबाबदारी. डोळे उघडे असतानाच डुलतो, तर लहान मेंदूकडे बघायचं. मिटल्यावरच जातो, तर तळव्यांकडून येणारी खबर तुटली आहे: मधुमेह, नाहीतर बी-१२ ची कमतरता. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर धरला की, कंप जाणवतो का यावरून ते लगेच कळतं. स्पर्श तपासायचा १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टोचताना मुलं घट्ट्यावर टोचतात आणि संवेदना गेली असं लिहून मोकळी होतात. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेवर धागा लागणारच नाही. घट्टा सोडून बाजूला लावायचा. जमिनीवर ठीक, पण जाड फोमवर डोळे मिटताच तोल जातो, तेव्हा कानाचा संशय धरायचा. जागेवर ५० पावलं टाकायला लावून अंग किती वळलं ते बघण्याची चाचणी या लोकांना फार आवडते. माझा तिच्यावर भरवसा नाही. निरोगी माणसंही वळतात.

उठून तीन मीटर चालून परत बसण्याच्या चाचणीला ४६ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची घट्ट खुर्ची हवी. खाटेवरून घेतलेल्या वेळेला अर्थ नाही. १२ सेकंदांच्या वर गेला की पडण्याचा धोका.

कानाच्या कणांवर मात्र अख्खा दिवस दे; उपचाराचं फळ तिथंच हातोहात मिळतं. डिक्स-हॉलपाईक या कण ओळखायच्या चाचणीत डोकं ४५ अंश वळवायचं, पटकन आडवं करून टेबलाच्या कडेखाली २० अंश मागं न्यायचं आणि निदान अर्धा मिनिट डोळ्यांवरून नजर हलवायची नाही. बुबुळांचे हिसके काही सेकंद उशिरानं सुरू होतात. मुलं पाचव्या सेकंदाला उठवतात, नाहीतर पेशंटला डोळे मिटू देतात. बुबुळं वर आणि खालच्या कानाकडे फिरत उसळली, मिनिटात शमली, की कण जागेवर नेणारं एप्ले करायचं: त्याच स्थितीत ३० ते ६० सेकंद, मग डोकं ९० अंश दुसरीकडे, मग अंगासकट आणखी ९०, नाक जमिनीकडे, आणि हनुवटी खाली ठेवून उठवायचं. कण जागेवर जाण्यासाठी वेळ द्यावा लागतो. घाई केली की तेच काम पुन्हा. बुबुळं सरळ खाली उसळत राहिली तर मेंदूवाल्याकडे. महिनोन्‌महिने चक्करेवर स्टेमेटिलची गोळी घेणारे येतील. त्या गोळीनं मेंदूचं सावरणं लांबतं आणि म्हाताऱ्यांत कंपवातासारखा ताठपणा येतो. ती परस्पर बंद करायला सांगायची नाही. देणाऱ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहायची.

आता आपल्या भागाचं, जे त्यांच्या पुस्तकात नसेल. यवतमाळ-चंद्रपुराकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाठ लाकडासारखी, मान वळत नाही, दातांवर तपकिरी पट्टे: याला नुसता ताठरपणा समजून झटका दिला तर अनर्थ होईल. हाड दिसतं भरीव, पण ठिसूळ. अस्थिबंध चुनखडीसारखे झालेले, मज्जारज्जूचा आतला मार्ग अरुंद. गुडघे न वाकवता जमिनीवरचं नाणं उचलणं, हनुवटी छातीला लावणं, हात डोक्यामागं नेणं, हे तीन जमत नसतील तर आधी एक्स-रे. हातोडी मारल्यावर येणारे गुडघ्याचे झटके तीव्र असतील तर मणक्याला झटका देण्याचा विचारच सोडायचा. भंडारा-गोंदियाकडे गेलीस तर पाय ताठ, कात्रीसारखे पडणाऱ्या चालीत लाखोळीच्या डाळीचं विचार. तरुण पोरगा एका बाजूला झुकून लंगडतो, तर खुब्याचं हाड आणि सिकलसेल दोन्ही तपासायला पाठव.

ठेवणीचं थोडक्यात. ओळंबा घोट्याच्या जरा पुढं धरायचा. कानाची पाळी, खांदा, खुबा त्या रेषेत हवेत, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून रेषा जाते. पण पेशंटला मोकळा उभा करून मिळालेलं चित्र खोटं. बाईला कापूस वेचतानाची ओटी कमरेला बांधून, माणसाला पंप पाठीवर देऊन बघ. १६ लिटरचा भरलेला पंप म्हणजे १६ किलो पाणी, वर पंपाचं वजन. कंबर आणि मान त्यासाठी जे करतात तेच तुला सुधारायचं आहे. ओटी अर्धी झाली की रिकामी करा, हा सल्ला व्यायामाच्या पानापेक्षा जास्त पाळला जातो.

फोम ठाण्याच्या दुकानातून मागवू नकोस, महाग पडतो. नागपुरात गादीवाल्याकडून घट्ट घनतेचा, दोन पाय मावतील असा तुकडा कापून घे. बोटानं दाबून तळाला लागला तर तो कामाचा नाही. एक्स-रेची चिठ्ठी कुणाच्या नावे द्यायची ते दवाखान्याशी बोलून आधी ठरव.

तुझे बाबा