तडजोड करावी, पण झाकून नव्हे

महोदय,

विद्यापीठाची नाचक्की करणारा दावा दाखल झाला की तो शेवटपर्यंत लढावा, कारण तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली, असे मत नागपुरातही अनेकदा हिरीरीने मांडले जाते. ते मला पटत नाही. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाने आपल्याच सेवेतील क्रीडावैद्य डॉ. लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांसंबंधीच्या दाव्यांत २०१८ मध्ये ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांपैकी ४२.५ कोटी ३३२ तक्रारदारांसाठी, तर उर्वरित पुढे येऊ शकणाऱ्यांसाठी होते आणि महत्त्वाचे म्हणजे कोणावरही मौनाची अट नव्हती. तरीही हजारो कागदपत्रे वकील-अशील गोपनीयतेच्या आडून पुढे वर्षानुवर्षे रोखली गेल्याने रोष शमला नाही.

आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार न्यायालय पक्षकारांना तडजोडीकडे वळवू शकते. आरोप धादांत खोटा असेल, तर जरूर लढावे. वकिलांची फी मात्र अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनही जाते (आणि तारखांवर तारखा कशा पडतात, हे नागपूरकरांना सांगायला नको). चूक झालीच असेल, तर व्यवस्थापन परिषदेने तक्रारदाराची ओळख गुप्त राखून तडजोडीची रक्कम व अटी इतिवृत्तात नोंदवाव्यात.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर