बाबा, फोन कट करत जा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर हे दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा बाबा "हो, हो" म्हणाले आणि आईने "जेवलीस का?" विचारलं. म्हणून कागदावर लिहितेय. कागद बाबा जपून ठेवतात.

परवाचा तो मेसेज. बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कापणार, या नंबरवर बोला. मे महिन्यातल्या नागपुरात रात्री कूलर बंद पडणार म्हटल्यावर कोणाचाही जीव वरखाली होईल. बाबांनी फोन लावला, त्याने "दहा रुपये भरून बघा" म्हणत एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. नशीब, घरचं नेट नेहमीसारखं अडकलं. ते अ‍ॅप उतरलं असतं तर बाबांच्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्याला तिकडे बसून दिसलं असतं, ओटीपीसकट.

बाबांना शंका पहिल्याच मिनिटाला आली होती. मग फोन काहून नाही ठेवला? "तो इतकं नीट बोलत होता, मध्येच कसं ठेवायचं!" बाबा, ऑफिसात आलेल्या प्रत्येकाचं तुम्ही जन्मभर शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. या लोकांना तेच हवं असतं. तुमची हुशारी त्यांच्या आड येत नाही, भीड त्यांच्या कामी येते. आजी म्हणायची ना, भीड भिकेची बहीण. खाकी घालून व्हिडिओ कॉलवर येणारे, "तुम्हाला डिजिटल अटक झाली, घरात कोणाला सांगू नका" म्हणणारे, तेही याच जातीचे. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. "कोणाला सांगू नका" हे शब्द आले की लगेच आईला हाक मारा.

आता माझं ऐका, रागावू नका. गेल्या वर्षी जुना सोफा विकताना समोरच्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पैसे येतील." मी पिन टाकला आणि माझेच ८ हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. हे मला माहीत होतं! दिवसभर कंप्युटरसमोर बसणारी मी. लाजेपोटी चार दिवस गप्प बसले, तोवर पैसे कुठल्या कुठे गेले. तुमच्याकडून असं झालं तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मला नंतर सांगितलं तरी चालेल. मी ओरडणार नाही, माझं तोंडच नाही ओरडायला.

आई, तुझ्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर लग्नपत्रिका येतात. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते अ‍ॅप असतं, तुझे मेसेज परस्पर वाचणारं. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नकोस, त्यांचाच फोन कोणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो. मागे आले होते तेव्हा तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकड्यांचा पिन लावून दिला, तो माझ्यासकट कोणालाही सांगायचा नाही.

आणि ती देवघरातली डायरी! सगळे पासवर्ड, एटीएमचा पिन, वर कव्हरवर ठळक अक्षरात 'बँक'. निदान कपाटात कुलपात ठेवा, आणि त्यातलं एटीएमच्या पिनचं पान फाडा. आधारची झेरॉक्स प्रत्येक दुकानात द्यायची नाही. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार निघतं, बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. बाबांच्या अंगठ्याचे ठसे मी आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करणार आहे, म्हणजे त्यावर परस्पर पैसे काढता येणार नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी मी तिथेच असेन, तेवढ्यापुरतं उघडू.

आई, सांडगे कुरिअरने पाठवशील तर पावतीचा नंबर मला फोनवर सांग. "पत्ता चुकला, पाच रुपये भरा" असा मेसेज आला तर मला कळायला पाहिजे ना, खरंच सांडगे अडकलेत की कोणी माझी वाट बघतोय.

तुमची,
छोटी